लांबी, जागा, कारण

लघवीच्या मार्गाचं स्ट्रिक्चर, म्हणजे आतून व्रण धरून मार्ग अरुंद होणं, ज्याला झालंय त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी असायला हव्यात: आकुंचन किती लांब आहे, नेमकं कुठे आहे आणि कशामुळे झालं. माझ्या फाइलमध्ये त्या कित्येक वर्षं नव्हत्या. फाइल जाडजूड होती. डिस्चार्ज कार्डं, लघवीच्या कल्चरचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, बिलं, सगळं होतं. पण प्रत्येक कार्डावर 'व्हीआययू (म्हणजे दुर्बिणीतून छेद देऊन मार्ग मोकळा करणं) केलं, नळी काढून घरी सोडलं' याच्यापुढे एक ओळ नव्हती. ती ओळ नसल्यानं काय झालं आणि ती मिळाल्यावर पुढे काय घडलं, ते सविस्तर लिहितोय. या दुखण्याबद्दल पुरुष घरातसुद्धा बोलत नाहीत, आणि मला गरज होती तेव्हा मराठीत वाचायला जवळजवळ काहीच मिळालं नव्हतं.

मी बडोद्याचा. पणजोबा गायकवाडी अमलात नोकरीसाठी कोकणातून आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. आधी दांडिया बाजारात होतो, आता मांजलपूरला राहतो. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर आहे. कॉलेजात असताना कमाटीबागेजवळ सायकल खड्ड्यात आदळली आणि मी पुढच्या दांडीवर पाय फाकून आपटलो. लघवीतून थोडं रक्त गेलं, मग थांबलं. आईनं बर्फ लावला, धण्याचं पाणी दिलं आणि तो विषय संपला.

पण तो संपत नसतो. सायकलच्या सीटवर आपलं शरीर जिथे टेकतं, तिथेच मूत्रमार्गाचा बल्बर नावाचा भाग असतो. वर ओटीपोटाच्या हाडाची कमान आणि खाली लोखंडी दांडी, यांच्यामध्ये तो चेचला जातो. आतलं अस्तर फाटतं, त्याभोवतीच्या स्पंजासारख्या पेशींमध्ये व्रण तयार होतो आणि तो हळूहळू आवळत जातो. त्रास दिसायला महिने लागतात, कधी कधी वर्षं. म्हणून सायकलवरची ती आपट आणि पस्तिशीतली बारीक धार यांचा संबंध मला कुणी विचारला नाही, आणि मलाही तो सुचण्याचं कारण नव्हतं.

सुरुवातीला फक्त वेळ जास्त लागायचा. कारखान्याच्या स्वच्छतागृहात माझ्यानंतर आलेली माणसं आधी निघून जायची. मग कुंथावं लागायला लागलं. लघवी झाली असं वाटून बाहेर पडलो की पुन्हा लागायची. थंडी वाजून ताप यायचा, लघवीची जळजळ व्हायची, अँटिबायोटिकनं जायची आणि पुन्हा यायची. शेवटी एका नवरात्रात, सगळं शहर गरब्याला बाहेर पडलेलं असताना, माझी लघवी पूर्ण तुंबली. ज्याची तुंबली आहे त्यालाच त्या वेदना ठाऊक. पोट दगडासारखं होतं आणि माणूस धड उभा राहू शकत नाही की बसू शकत नाही. त्या रात्री एका दवाखान्यात मार्ग ताणून, म्हणजे डायलेटेशन करून, नळी घातली आणि नंतर व्हीआययू झालं.

व्हीआययू म्हणजे आत दुर्बीण घालायची आणि अरुंद जागी डोळ्यांनी बघत बारीक चाकूनं छेद द्यायचा. या कामाचं आजचं उपकरण १९७० च्या दशकात जर्मनीतल्या झाक्से यांनी प्रचारात आणलं. वर कुठेही चिरफाड नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस घरी, आणि धार लगेच जोरात. मला वाटलं, बरा झालो. काही महिने तसंच गेले. मग धार पुन्हा बारीक झाली, पुन्हा तेच केलं. त्यानंतर मला घरी स्वतः नळी घालून मार्ग उघडा ठेवायला शिकवलं. जेली लावून, दार लावून घेऊन, मी ते वर्षानुवर्षं केलं. मध्ये पुन्हा व्हीआययू. हे करणारे डॉक्टर निष्काळजी होते असं मी म्हणणार नाही. रात्री-अपरात्री त्यांनी माझे हाल थांबवले आहेत. पण एकदाही कुणी आधी एक्स-रे काढून आकुंचनाची लांबी मोजली नाही.

लांबी का मोजायची, हे मला पुढे समजलं. १९९७ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. डायलेटेशन बरं की व्हीआययू, असा त्यांचा प्रश्न होता. दोन्हींत फारसा फरक आढळला नाही. फरक पडला तो लांबीनं. २ सेंमीपेक्षा कमी लांबीचं आकुंचन वर्षभरात सुमारे ४० टक्के रुग्णांमध्ये परतलं, ४ सेंमीपेक्षा जास्त लांबीचं सुमारे ८० टक्क्यांमध्ये. म्हणजे लांबी कळल्याशिवाय चाकू आत घालणं म्हणजे रुग्णाला त्याची शक्यता न सांगता आत नेणं आहे. शिवाय प्रत्येक छेदानंतर तिथे नवा व्रण धरतो, तो जुन्यात मिसळतो आणि आकुंचन वाढत जाऊ शकतं. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की आधीचा दुर्बिणीचा उपाय फसलेला असेल, तर तेच पुन्हा पुन्हा करण्याऐवजी यूरेथ्रोप्लास्टी, म्हणजे मूत्रमार्गाची पुनर्रचना, सुचवावी. माझ्या बाबतीत ते सुचवायला कुणी तयारच नव्हतं, कारण ती शस्त्रक्रिया करणारी माणसंच थोडी.

बडोद्यात किडनीचं किंवा लघवीचं काही अवघड झालं की लोक नडियादचं नाव घेतात. तिथलं मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल १९७८ पासून आहे. मीही तिकडे जायच्या बेतात होतो. तेवढ्यात कारखान्याच्या डॉक्टरांनी शहरातल्याच एका रिकन्स्ट्रक्टिव्ह युरॉलॉजिस्टचं, म्हणजे अशी पुनर्रचना करणाऱ्या सर्जनचं, नाव सुचवलं. त्या डॉक्टरांची परवानगी विचारलेली नाही म्हणून नाव देत नाही.

पहिल्या भेटीत त्यांनी माझी फाइल शांतपणे शेवटपर्यंत चाळली. मग एक कोरा कागद घेतला आणि वर तीन रकाने आखले: लांबी, जागा, कारण. कारणाच्या रकान्यासाठी त्यांनी मला लहानपणापासून विचारत आणलं. कधी नळी घातली होती का, गुप्तरोग झाला होता का, शिश्नाच्या टोकाची कातडी पांढरी पडलीय का, कधी कुठून पडलात का. सायकलची दांडी तिथे पहिल्यांदा बाहेर आली. ते म्हणाले, "हे आधी लिहा. बाकी सगळं यानंतर."

मग मशीनमध्ये लघवी करायला लावली. याला यूरोफ्लोमेट्री म्हणतात. पोटात निदान दीडशे मिली लघवी साठलेली असावी लागते, नाहीतर आलेख भरवशाचा येत नाही. निरोगी माणसाची धार सेकंदाला १५ मिलीच्या वर जाते आणि आलेख घंटेसारखा वर चढून उतरतो. माझा आलेख ५ वर जाऊन तिथेच आडवा चालला आणि खूप वेळानं संपला. अरुंद मार्गाची ही खूणच असते: मूत्राशयानं कितीही जोर लावला तरी ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त बाहेर पडत नाही. नंतर सोनोग्राफीत दिसलं की लघवी केल्यावरही आत बरीच शिल्लक राहते. माझा ताप पुन्हा पुन्हा का येत होता, ते त्या शिल्लक लघवीत होतं.

खरा नकाशा मिळतो तो आरजीयू आणि एमसीयू या दोन एक्स-रेंतून. त्यांची भीती अनेकांना वाटते, म्हणून नीट सांगतो. टेबलावर तिरकं झोपवतात, खालचा पाय गुडघ्यात वाकवून. शिश्न ताणून धरतात आणि टोकातून रंगद्रव्य हळूहळू आत सोडतात. आत जाताना दाब आणि चटका जाणवतो, पण तो मिनिटभराचाच. घाईत सोडलं तर रक्तात शिरू शकतं, म्हणून ते हळूच सोडायचं असतं, आणि लघवीत जंतू असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करायचा असतो. हा झाला आरजीयू. एमसीयूमध्ये मूत्राशय रंगद्रव्यानं भरतात आणि मशीनसमोर लघवी करायला सांगतात. परक्या माणसांसमोर, दिव्याखाली, ती होईना. तिथल्या टेक्निशियनबेननी बेसिनचा नळ सोडला, पाठ फिरवली आणि म्हणाल्या, "शांतिथी करो काका, उतावळ नथी." त्या बाईंनी दाखवलेल्या शिष्टाचाराबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. या तपासणीत अर्धं यश अशाच माणसांवर अवलंबून असतं.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून दाखवली. मूत्राशयाकडून येणारी रुंद पांढरी पट्टी, मग अचानक एक दोरा, मग पुन्हा पट्टी. दोऱ्याची लांबी साडेचार सेंटीमीटर, जागा बल्बर. कारण आधीच लिहिलं होतं. तीन रकाने भरले आणि तिथल्या तिथे शस्त्रक्रियेचा प्रकारही ठरला. अशी आपट बसून झालेलं आकुंचन लहान असताना, साधारण दोन सेंटीमीटरच्या आत, सापडलं तर तेवढा खराब तुकडा काढून दोन चांगली टोकं जोडता येतात. साडेचार सेंटीमीटर काढले तर टोकं ताणल्याशिवाय जुळणार नाहीत. म्हणून मार्ग उघडून तिथे नवं अस्तर लावायचं. अस्तर गालाच्या आतलं.

गालाचं अस्तर हे ऐकून माझी बायको चमकली. तिनं विचारलं, "अहो डॉक्टर, तोंडाचं तिथे चालेल?" त्यांनी फार छान समजावलं. तोंडाचं अस्तर कायम ओलं राहायला सरावलेलं असतं, त्यावर केस नसतात, वरचा थर जाड आणि खालचा पातळ असतो, रक्तवाहिन्या भरपूर असतात, म्हणून नव्या जागी ते लवकर जीव धरतं. पहिले दोनएक दिवस ते आजूबाजूच्या रसावर जगतं, मग खालच्या रक्तवाहिन्या त्याच्यात शिरतात. आणि गाल स्वतः भराभर भरून येतो, बाहेरून खूणही राहत नाही. कल्पना नवीनही नाही. १८९४ साली सापेझ्को नावाच्या सर्जननं कीवमध्ये तोंडाचं अस्तर मूत्रमार्गाला लावल्याची नोंद आहे. १९४१ साली इंग्लंडमध्ये हंबी यांनी तेच केलं. मग ती पद्धत मागे पडली आणि १९९० च्या दशकात जगभर परत आली. १९९६ साली इटलीतल्या बार्बाली यांनी नवं अस्तर मार्गाच्या वरच्या बाजूला, घट्ट आधारावर पसरून शिवायची पद्धत मांडली. माझं ऑपरेशन साधारण त्याच धर्तीचं.

यात एक पुण्याचं नावही आहे आणि ते सांगताना मला अभिमान वाटतो. ज्यांचा जवळजवळ सगळा पुढचा मूत्रमार्ग खराब झालेला असतो, त्यांच्यासाठी डॉ. संजय कुलकर्णी यांनी बार्बाली आणि इतरांसोबत २००९ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. खालच्या एकाच चिरेतून, मूत्रमार्ग एकाच बाजूनं मोकळा करायचा, दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा आणि नसा तशाच ठेवायच्या. जगभरचे सर्जन तिला कुलकर्णी यांच्या नावानं ओळखतात. टोकाची कातडी पांढरी पडणारा जो आजार डॉक्टरांनी मला विचारला होता, लायकन स्क्लेरोसस, त्यात असं लांबलचक आकुंचन होऊ शकतं. आपल्या देशात असे रुग्ण पुष्कळ आहेत.

लगेच शस्त्रक्रिया मात्र होत नाही. आधी मार्गाला विश्रांती द्यावी लागते. घरी नळी घालणं थांबवलं आणि बेंबीखाली, पोटातून थेट मूत्राशयात नळी घातली. तिला एसपीसी म्हणतात. चार ते बारा आठवडे मार्गात काहीही घालायचं नाही. सतत ताणलेला मार्ग खोटा रुंद दिसतो. विश्रांती मिळाली की खरा व्रण कुठून कुठपर्यंत आहे ते उघड होतं, आणि सर्जन नेमक्या जागी पोचतो. त्या आठवड्यांत पुन्हा फिल्म काढली. साडेचारच.

पिशवी पायाला बांधून, सैल पँट घालून मी कामावर जात होतो. शिफ्टमधल्या दोन-तीन जणांना सरळ सांगून टाकलं. त्यातल्या एकाला मावा खाल्ल्याशिवाय चालत नाही. सुपारी, तंबाखू, चुना चोळून केलेला मावा आमच्याकडे पानाच्या प्रत्येक टपरीवर मिळतो. डॉक्टरांनी माझं तोंड बॅटरीनं तपासलं होतं, तीन बोटं आत जातात का बघितलं होतं, ते मी त्याला सांगितलं. सुपारी-गुटख्यानं गालाच्या आत तंतू धरतात, तोंड उघडेनासं होतं आणि ते अस्तर घेण्याच्या लायकीचं राहत नाही. मग कधी जिभेच्या खालच्या बाजूचं अस्तर घ्यावं लागतं, आणि तेही खराब असलं तर पर्याय आणखी कमी. तो काही दिवस माझ्यासमोर खायचा थांबला. पूर्ण सोडला नाही, याचं मला वाईट वाटतं.

याच काळात आत्या भेटायला आली. रावपुऱ्यात राहते, सत्तरीच्या घरात आहे. पिशवी बघून तिनं डोळ्यांत पाणी आणलं, चहा घेतला, आणि बायको आत गेल्यावर हळूच विचारलं, "तुझ्या त्या डॉक्टरांकडे बायकाही जातात का रे?" तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, खाली सरकून बाहेर येत होतं. किती वर्षांपासून, तर धाकट्या मुलाच्या मुंजीच्या आधीपासून. देवळात मांडी घालून बसणं बंद, दूरचा प्रवास बंद, आणि घरात कुणालाही पत्ता नाही.

माझ्या डॉक्टरांच्या ओपीडीत आठवड्यातला एक दिवस एक स्त्रीरोगतज्ज्ञ बाई त्यांच्यासोबत बसतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय एकाच स्नायूंच्या झोळीवर टेकलेले असतात. एक खाली आलं की दुसऱ्यावर परिणाम होतो, म्हणून एकानंच बघून पुरत नाही. त्या बाकावर मला कळलं की आपल्यासारखे किती आहेत. अपघातात ओटीपोटाचं हाड मोडून मार्ग तुटलेला एक मुलगा होता. अडलेल्या बाळंतपणानंतर मूत्राशयाला भोक पडून सतत लघवी गळणारी दाहोदकडची एक तरुण बाई होती. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर गळती लागलेले एक आजोबा होते. आणि आता आत्या.

आत्याची तपासणी झाली तेव्हा पुन्हा सेंटीमीटरच आले. अंग किती खाली येतं, ते योनीच्या तोंडाशी असलेल्या एका ठरावीक रेषेपासून मोजतात, आत असेल तर उणे, बाहेर असेल तर अधिक. ही पद्धत १९९६ साली ठरली आणि आज ती जगभर वापरतात. 'थोडं बाहेर येतं' याला अर्थ नसतो, कारण प्रत्येकाचं थोडं वेगळं. तिला आधी रिंग बसवली, सिलिकॉनची, गर्भाशयाला खालून आधार देणारी. ती काढून धुवायची, परत बसवायची, वर क्रीम लावायचं. आणि एक गोष्ट झाली जी डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवली होती: अंग जागेवर गेल्यावर खोकताना लघवीचे थेंब यायला लागले. इतकी वर्षं खाली आलेल्या भागामुळे मूत्रमार्ग दुमडलेला राहत होता आणि गळती झाकली जात होती. म्हणूनच ऑपरेशन ठरवण्याआधी रिंग बसवून खोकायला लावतात.

अमेरिकेतल्या चुलत बहिणीनं फोनवर तिला जाळीच्या खटल्यांबद्दल सांगून घाबरवलं होतं. बाईंनी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. अंग खाली येण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळीची विक्री अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणांच्या नियामक संस्थेनं, एप्रिल २०१९ मध्ये थांबवायला लावली, कारण तिची सुरक्षितता आणि फायदा कंपन्यांना पुरेसा दाखवता आला नव्हता. खोकताना होणाऱ्या गळतीसाठी मूत्रमार्गाखाली घालायची अरुंद पट्टी हा वेगळा उपचार, त्याला तो आदेश लागू नव्हता. पण तीसुद्धा फायदे-तोटे ऐकून घ्यायची गोष्ट. आत्यानं रिंग आणि व्यायाम पसंत केले. कटीतळाच्या, म्हणजे त्या झोळीच्या, स्नायूंचे हे व्यायाम अमेरिकेतल्या डॉ. आर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली मांडले, म्हणून त्यांना केगल म्हणतात. बहुतेक बायका ते पोट आवळून चुकीचे करतात. आत्याला बोटानं तपासून बरोबर स्नायू दाखवून दिला, तेव्हा जमलं. बाई हेही म्हणाल्या की तरुण बायकांमध्ये गर्भाशय न काढता ते वर बांधण्याच्या पद्धती मुंबईच्या पुरंदरे आणि शिरोडकर यांनी घडवल्या आणि त्या आजही शिकवल्या जातात. आत्याचा चेहरा ते ऐकताना खुलला होता. आपल्याच माणसांनी या दुखण्याचा विचार केला होता, हे तिला पहिल्यांदा कळत होतं.

माझ्या ऑपरेशनला पूर्ण भूल होती. श्वासाची नळी नाकातून, कारण तोंड सर्जनला मोकळं हवं. लाळेची वाहिनी वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालात उघडते, ती वाचवून अस्तराची पट्टी घेतली. खाली अंडकोशामागे चीर. जागा झालो तेव्हा खालच्यापेक्षा गालच जास्त हुळहुळत होता. थंड दूध, आइसक्रीम, मग मऊ खिचडी. बडोद्याच्या माणसाला सेव-उसळ आणि लीलो चेवडो दिसत असताना न खाणं जड गेलं, पण तिखट आणि टोकदार काहीही चालत नाही. तोंड उघडण्याचे व्यायाम दुखत असले तरी करायचे, नाहीतर गाल आखडतो.

खालची नळी साधारण तीन आठवडे होती. यात एक गोष्ट पुरुष विचारायला लाजतात: रात्री आपोआप ताठरता येते आणि नळीमुळे ती फार दुखते. डॉक्टरांना सांगितलं तर त्यावर उपाय असतो. मूत्राशयाला अचानक पिळे येतात, नळीच्या कडेनं लघवी येते, त्यालाही गोळी असते. शरीरसंबंध कधीपासून, वीर्याची धार पूर्वीसारखी राहील का, हे सगळं मी बायकोला शेजारी बसवून विचारलं आणि सरळ उत्तरं मिळाली. नळी काढण्याआधी तिच्या कडेनं रंगद्रव्य सोडून फिल्म काढतात. कुठे गळत असेल तर नळी आणखी काही दिवस ठेवायची. माझी गळत नव्हती. नळी निघाली, लघवी लागली, मी गेलो, आणि कुंथायची तयारी करेपर्यंत झालीसुद्धा. तीन महिन्यांनी त्याच मशीनवर आलेख २१ वर चढून उतरला.

राहिलेली कुरबूर आहे. शेवटचे थेंब आत रेंगाळतात. अंडकोशामागे बोटानं पुढे दाबत आणलं की निघतात. खालचा काही भाग बधिर आहे. मोटरसायकल तीन महिने बंद होती. ऑपरेशन सगळ्यांसाठीच आहे असंही नाही. २०२० साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी उपचार होऊनही परतलेल्या बल्बर आकुंचनाच्या २२२ पुरुषांमध्ये व्हीआययू आणि यूरेथ्रोप्लास्टी यांची तुलना केली होती. त्रास दोन्ही गटांत कमी झाला. पण पुन्हा काही करावं लागण्याची शक्यता यूरेथ्रोप्लास्टीत जवळजवळ निम्मी होती. कुणी म्हणेल मला लहान उपाय पुन्हा चालेल, तर तो त्याचा हक्क. पण त्याला आकडे ठाऊक असावेत.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी एक वेगळं संमतिपत्र वाचायला दिलं होतं. ते, त्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई आणि इतर गावांतले त्यांचे काही सहकारी मिळून एक सामाईक नोंदवही ठेवतात. नाव न देता रुग्णाची फिल्म, लांबी-जागा-कारण, ऑपरेशनचं चित्र, काय शिवलं, कसं शिवलं, आणि पुढे वर्षानुवर्षं धार किती राहिली. बायकांच्या बाबतीत अंगाची मापं, रिंग, गळती. एखादा अवघड रुग्ण आला की ते त्या वहीत तसाच पूर्वीचा रुग्ण शोधतात, आणि पटलं नाही तर एकमेकांच्या नोंदीखाली तसं लिहितात. मी विचारलं, फसलेलीही लिहिता का? ते म्हणाले, "ती आधी लिहितो. शिकायला तीच लागतात." मी सही केली. माझ्या पानावर आधीच्या प्रत्येक व्हीआययूची नोंदही घालायला सांगितली, लांबीचा रकाना कोरा असला तरी, कारण तो कोरा असणं हासुद्धा माझ्या दुखण्याचा इतिहास आहे. आत्यानंही सही केली. तिच्या मापांचं पान माझ्यानंतर काही दिवसांनी उघडलं.

असं आकुंचन उशिरासुद्धा परतू शकतं, म्हणून नोंद पहिल्या वर्षावर थांबत नाही. रुग्ण बरे वाटले की यायचे बंद होतात, फोन बदलतात, आणि वहीतलं पान अर्धवट राहतं. ही डॉक्टरांची सगळ्यात मोठी अडचण आहे. माझ्या पानावर मी माझ्याबरोबर बायकोचा आणि मुलीचाही नंबर देऊन ठेवला आहे.